भरतीच्या वेळची मोजणी

२८ ऑगस्ट

वहिनी, नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला. दादा गेल्यावर चार दिवस तुमच्याकडे राहून निघालो, तेव्हा पोचल्या पोचल्या लिहितो म्हणालो होतो. त्याला तीन महिने झाले. लिहायला बसलो की काय लिहावं ते सुचायचं नाही, मग उठून नकाशांच्या जुन्या गुंडाळ्या आवरायचो. नकाशे काढण्यात जन्म गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतर आवरायला पुष्कळ असतं, असं तुमची जाऊ म्हणते. कौतुकानं म्हणत नाही.

आज लिहितोय ते कामासाठी. पक्षीनिरीक्षकांची आमची छोटी पत्रिका तुम्हाला ठाऊक आहे. डिसेंबरचा अंक मी पूर्णपणे दादावर काढतोय. उत्तरेकडून दर शरदात तुमच्या खाडीच्या चिखलावर उतरणारे पक्षी त्यानं सलग चोवीस वर्षं मोजले, ही साधी गोष्ट नाही. पण मला सगळ्यात थक्क करतात त्या त्याच्या शेवटच्या तीन वर्षांच्या नोंदी. आधी तो कसा लिहायचा? ‘टिलवे चारशे. वारा पश्चिमेचा.’ रेल्वेचं वेळापत्रक बरं म्हणावं. आणि शेवटी शेवटी बघा: ‘यंदाची पिल्लं कोऱ्या ताग्यासारखी, प्रत्येक पिसाची किनार शाबूत, मोठी मंडळी धुऊन धुऊन विरलेली.’ किंवा, ‘थवा वळला तेव्हा मधली वीण विरळ झाली.’ सत्तरी उलटलेल्या माणसाची नजर अशी धारदार होत जावी आणि भाषेलाही पालवी फुटावी! शिवाय गेल्याच्या गेल्या वर्षी हजारो टिलव्यांत त्यानं चमच्याच्या चोचीचा टिलवा शोधला. जगात ते पाच-सहाशे उरलेत म्हणतात. मला आजवर एकही दिसलेला नाही.

तर त्या तीन वह्या टपालानं पाठवाल का? तिकाटण्यावरची मोठी दुर्बीणही कुणाबरोबर तरी पाठवा. तिथं नुसती धूळ खात पडेल, इथं कुणाच्या तरी कामी येईल.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. यंदा मोजणी होणार नाही. एका हंगामात खात्रीच्या माणसाचे आकडे आले नाहीत, तर नोंदणी कार्यालय ती जागा यादीतून काढतं. ती खात्री द्यायची सही माझीच असते, पण सही करायला आकडे तर हवेत. असो. तुम्ही मिलमधली नोकरी आणि घर सांभाळून त्याला इतकी वर्षं चिखलात जाऊ दिलंत, हेच आमच्यावर उपकार.

तुमचा,
धाकटा दीर


५ सप्टेंबर

भावोजी,

पत्र मिळालं. तीन महिन्यांचं मनावर घेऊ नका. मलाही कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं.

दुर्बीण धूळ खात नाहीये. काल संध्याकाळी तिची काच मीच पुसली, चिखलाचे शिंतोडे उडाले होते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज भरतीच्या वेळी मी बांधावर जाते. सुरुवातीला घरात बसवेना म्हणून गेले, हे खरं. तिसऱ्या दिवसापासून मात्र पक्ष्यांसाठी जायला लागले.

भरती वर चढते तसा चिखल बुडत जातो, आणि पसरलेले सगळे पक्षी मागे सरत सरत बांधाखालच्या वाळूच्या पट्ट्यावर दाटीवाटीनं येऊन उभे राहतात. वाकड्या लांब चोचीचे कोरल मागे, पाणटिवळे मध्ये पोटापर्यंत पाण्यात, आणि पुढे चिखले-टिलवे, इतके चिकटून की वाळू दिसत नाही. साधारण पाऊण तास हलत नाहीत. मोजायचं ते तेवढ्यात.

मोठे आधी आले. उन्हाळ्यातला तांबूस रंग अजून अंगावर होता, पण पिसं पार झिजलेली. आता या आठवड्यात पिल्लं यायला लागली आहेत. भावोजी, तुम्हाला हे नवीन नाही, पण माझ्या अंगावर अजून दरवर्षी काटा येतो. दोन-तीन महिन्यांची पोरं! आईबाप आधीच निघून गेलेले. वाट कुणी दाखवलेली नाही, पूर्वी कधी आलेली नाहीत, आणि हजारो किलोमीटर उडून नेमकी आमच्या बांधाखाली उतरतात, अंग झटकतात आणि खायला लागतात. जसं काही कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आली. आपली पोरं पत्ता हातात घेऊन चुकतात.

सोबत ऑगस्टपासूनचे आकडे पाठवते आहे. परवाचा थवा दोन हजार तीनशे चाळीस. तुमच्या सहीसाठी चालतील ना?

वह्यांचं जरा थांबा. मला अजून त्या हाताशी लागतात.

वहिनी


१४ सप्टेंबर

वहिनी, नमस्कार.

तुम्ही बांधावर जाता हे वाचून फार बरं वाटलं. मोकळी हवा, चालणं. जातच राहा.

आकड्यांबद्दल मात्र स्पष्ट लिहिलेलं बरं. ‘दोन हजार तीनशे चाळीस’ हा आकडा वाचून मला हसू आलं, रागावू नका. मी चाळीस वर्षं मोजतोय आणि अशा थव्याला ‘सुमारे दोन हजार’ म्हणून मोकळा होतो. वरच्या त्या तीनशे चाळीसचा हिशेब कोण देणार? कार्यालयातल्या बाई मला पहिला प्रश्न हाच विचारतील. शिवाय चिखल्यांचे दोन प्रकार तुम्ही वेगळे मोजलेत. त्यांत भले भले फसतात.

दादाबरोबर बसून थोडंफार कानावर पडलं असेल, नाही असं नाही. पण माझी सही म्हणजे जबाबदारी. नोव्हेंबरात कुणी जाणकार रिकामा असेल तर एका दिवसापुरता पाठवून बघतो. तुम्ही ताण घेऊ नका.

वह्या लवकर पाठवा. मुखपृष्ठ अडलंय.

तुमचा,
धाकटा दीर


२३ सप्टेंबर

भावोजी,

हसलात तर हसलात. पण हे वाचून उठून बसाल.

काल सकाळी साडेदहाला, पाणी उतरायला लागल्यावर, टिलवे चिखलावर पांगले. त्यांची खायची तऱ्हा तुम्ही जाणता: शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच वर-खाली, वर-खाली, सगळ्यांची एका चालीत. सरकत्या कापडात एखादा धागा वेगळा पडला की तो शोधावा लागत नाही, तोच डोळ्याला टोचतो. तसा एक टोचला. हा पठ्ठ्या सुई चालवत नव्हता. चोच पाण्यात ठेवून, मान डावी-उजवीकडे फिरवत, जमीन पुसल्यासारखा पुढे चालला होता. दुर्बीण त्याच्यावर लावून बसले. बाजूनं चोच साधीच दिसते, काळी. अकरा मिनिटांनी त्यानं तोंड माझ्याकडे केलं. टोकाला चमचा होता.

यंदाचंच पिल्लू आहे. पाठीवरची किनार अगदी नवी, आणि कानाजवळ गडद डाग. दोन तास होता. मग कोरल ओरडले, सगळे उडाले, त्यात गेला. आज पुन्हा जाऊन आले, पण नव्हता.

ही नोंद तुम्हीच कार्यालयाला कळवावी. वेळ, पाण्याची पातळी, जागा सगळं वेगळ्या कागदावर लिहिलं आहे.

वहिनी


१ ऑक्टोबर

वहिनी,

राग मानू नका, पण ही नोंद मी पुढे पाठवू शकत नाही.

साध्या टिलव्याच्या चोचीला चिखलाचा गोळा चिकटतो आणि हुबेहूब चमचा दिसतो. दरवर्षी अशा दहा-बारा चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. लिहिणारे सगळे चांगले लोक असतात, खोटं कुणी बोलत नाही. दादानं पाहिला तेव्हाची गोष्ट वेगळी. ती त्याची नजर होती. त्याच्या त्या नोंदीवर मी एक क्षणही शंका घेतली नाही.

आणि एक बोलू? दुःखात माणसाला जे दिसावंसं वाटतं ते दिसतं. दादानं पाहिलेला पक्षी तुम्हाला दिसावा, यात नवल ते काय?

यंदाची मोजणी ‘झाली नाही’ असंच कळवतो. माझा नाइलाज आहे.

धाकटा दीर


७ ऑक्टोबर

भावोजी,

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाहीत, ते मी समजू शकते. पण तुम्ही म्हणता मागची नोंद खरी कारण ती दादांची, आणि यंदाची खोटी कारण ती माझी. आता गप्प बसले तर ते बरोबर होणार नाही. पाहणारे डोळे दोन्ही वेळा तेच होते.

चार वर्षांपूर्वी ह्यांच्या नजरेच्या मधोमध धुकं साठायला लागलं. डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. तसंच झालं. माझा चेहरा बघायचा असला की ते माझ्या कानाकडे बघायचे. दुर्बिणीत तर काहीच उरलं नाही. पुढच्या वर्षीचा ऑगस्ट उजाडला, तरी हे घरात. पंधरा दिवस मी पाहिलं आणि मग म्हटलं, ‘चला, मी बघते, तुम्ही सांगा काय बघायचं.’

पहिल्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणायची, तपकिरी आहे. हे म्हणायचे, सगळेच तपकिरी असतात, पाय बघ! मग हळूहळू बसलं. हे विचारायचे: पाय कोणत्या रंगाचे, चोच डोक्याच्या किती पट, उडताना पाठीवर पांढरं कुठं. मी सांगायची, ते नाव सांगायचे. जाड काळं पेन आणि ओळ चुकू नये म्हणून पुठ्ठ्याची पट्टी घेऊन लिहायचे ते स्वतः, पण मी जसं बोलले तसं, माझ्या शब्दांत. अक्षर मोठं झालेलं तुमच्या लक्षात आलं असेल. दुसऱ्या वर्षी निम्मी नावं मीच सांगायला लागले. तिसऱ्या वर्षी चुकायची वेळ कधीतरीच आली.

तुम्हाला कळवायचं नाही हा त्यांचा शब्द. म्हणायचे, ‘धाकट्याला कळलं तर तो माझी काळजी करायला लागेल, आणि काळजी करणारा माणूस माझ्या नोंदी वाचणार नाही.’ मी लगेच हो म्हटलं. माझं त्यात काही जात नव्हतं. तीन शरद मी त्यांच्या शेजारी बसले आणि आमच्या लग्नाच्या एकोणचाळीस वर्षांत जेवढं बोललो नव्हतो तेवढं बोललो.

चमच्याच्या चोचीचा पहिला मी सांगितला तेव्हा त्यांनीही मानलं नव्हतं. चिखलाचा गोळा, हेच शब्द. तोच प्रश्न सहा तऱ्हांनी विचारला. शेवटी खाण्याची तऱ्हा सांगितली तेव्हा प्रश्न थांबले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग सरकून दुर्बिणीला डोळा लावला. दिसणार नव्हतंच. तरी बराच वेळ तसे लावून बसले.

तुमच्या अंकात काय छापायचं ते तुम्ही ठरवा. वह्या आज टपालात टाकल्या आहेत.

वहिनी


२ नोव्हेंबर

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि टेबलाच्या खणात टाकलं. खरं सांगायचं तर भयंकर राग आला. दादा एकदा गेलाच होता, आता तुम्ही त्याला पुन्हा नेताय असं वाटलं.

तुमच्या जावेनं ते पत्र काढून वाचलं. मला म्हणाली, ‘वहिनी मिलमध्ये काय करायच्या, माहीत आहे ना?’ मी म्हटलं, काहीतरी करत असतील. ‘कापड तपासायच्या. एकतीस वर्षं. खालून दिवा लावलेल्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि त्या चालत्या कापडातली चूक पकडून खडूची खूण करायच्या. माझ्या लग्नात मला त्यांनी स्वतः सांगितलं होतं.’ तेवढ्यात वह्या आल्या. उघडल्या, तर तागा, वीण, किनार, विरलेलं, उसवलेलं. ज्या भाषेचं मी तुमच्यापुढे कौतुक केलं, ती तुमचीच होती. आणि तुम्ही पहिल्या पत्राला उत्तर देताना एका अक्षरानंही तसं म्हणाला नाहीत. मी मान खाली घालून बसलो.

तरीही गेल्या पंधरवड्यात मी तुमच्याकडे आलो तो शंका घेऊनच आलो, हे आज कबूल करतो. ‘सहज आलो’ म्हणालो ते खोटं होतं. तुम्ही मला चहा दिलात, वरच्या खोलीत अंथरूण घातलंत आणि कशाबद्दलच काही विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी बांधावर मी माझ्या दुर्बिणीतून थवा वेगळा मोजत होतो, ते तुमच्या लक्षात आलं होतं की नाही, देव जाणे. माझं निम्मं झालं आणि बहिरी ससाणा आला. सगळा थवा एकदम वर. मी चडफडत वही मिटली. तुम्ही दुर्बिणीवरचा डोळासुद्धा काढला नाहीत. ते खाली बसेपर्यंत थांबलात, आणि ‘पुन्हा पहिल्यापासून’ एवढंच म्हणालात. मला म्हणालात असं नाही. स्वतःलाच.

त्या दिवशी मी दोन हजार पाचशे म्हणालो. तुम्ही तीन हजार एकशे साठ म्हणालात. मी वाद घातला नाही, कारण त्याआधीच मी गुपचूप थव्याचे चार फोटो काढून ठेवले होते. घरी आल्यावर ते मोठे करून घेतले, कडा जुळवून जेवणाच्या टेबलावर चिकटवले, आणि तुमची जाऊ आणि मी लाल पेन्सिलीनं एकेका पक्ष्यावर टिंब देत बसलो. दीड दिवस लागला. जेवणं ओट्याशी उभ्यानं झाली. तीन हजार एकशे अठ्ठेचाळीस. वहिनी, बारांचा फरक! आणि ते बारा फोटोच्या कडेला कापले गेले असतील, असं मला आता वाटतं.

तुमची जाऊ म्हणाली, ‘आता?’

आता सही केली आहे. ऑगस्टपासूनच्या सगळ्या आकड्यांवर. चमच्याच्या चोचीची नोंदही तुमच्या नावानं पाठवली. तो पक्षी मी पाहिलेला नाही. तीन दिवस तुमच्याबरोबर बसूनही दिसला नाही. कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, ‘तुम्ही स्वतः खात्री केलीत?’ मी म्हटलं, पक्ष्याची नाही, बघणारीची केली.

चाळीस वर्षं मी लोकांच्या नोंदी तपासतोय. इतकी स्वच्छ नजर माझ्या पाहण्यात नाही. दादाची नव्हती, माझी तर नव्हतीच. १ ऑक्टोबरच्या पत्रात दुःखाबद्दल जे लिहिलं ते वाक्य मला फार टोचतं. माफ करा म्हणणं सोपं आहे, तरी म्हणतो.

लेखाचा नवा खर्डा सोबत आहे. तुमच्या परवानगीशिवाय एक ओळ छापणार नाही. दादानं सांगू नको म्हटलं होतं, तेव्हा तो शब्द मोडायचा की नाही हे तुम्हीच ठरवायचं.

तुमचा,
धाकटा दीर


११ नोव्हेंबर

भावोजी,

फोटो काढताना मी पाहिलं होतं. तुमच्या कॅमेऱ्याचा आवाज होतो.

खर्डा वाचला. ‘अलौकिक’, ‘अद्वितीय’ आणि ‘तपस्विनी’ हे तीन शब्द काढा. मी बसून मोजते, तप करत नाही. पाठ दुखली की उठते.

शब्द मोडण्याबद्दल पुष्कळ विचार केला. त्यांनी लपवलं ते भीतीनं, आपल्याला आता कुणी विचारणार नाही या भीतीनं. ती भीती आता त्यांना नाही. तेव्हा छापा. पण एक नीट लिहा. त्यांचे डोळे गेले म्हणून त्यांचं काम थांबलं, असं कुणाला वाटता कामा नये. मला चार हजारांतला वेगळा एक दिसायचा, पण तो वेगळा का, हे त्यांच्याशिवाय मला कधी कळलं नसतं. समोरचं दिसत नसताना त्या माणसानं मला तेवीस जातींची ओळख नुसती प्रश्न विचारून करून दिली. एकदाही ‘मला बघू दे’ म्हणून चिडले नाहीत. तुम्हाला कौतुकाचे शब्द वापरायचेच असतील तर तिथं वापरा. तिथं मी एकही काढणार नाही. त्या तीन वर्षांच्या नोंदींवर दोघांची नावं टाका, एकाच ओळीत.

थवे आता लहान होत चालले आहेत. निम्मे आणखी दक्षिणेला गेले. राहिलेले इथंच राहतील, असं दिसतं. पिल्लांच्या पिसांची किनार झिजायला लागली आहे. परवा एक पाणटिवळा एका पायावर लंगडत उतरला. दोन दिवस त्याला बाकीच्यांनी मध्ये घेतलंय, कडेला येऊ देत नाहीत. असं खरंच करतात, की मलाच तसं वाटतं, हे तुम्ही सांगा. नोंदीत ते धरलेलं नाही.

एक अडचण मात्र सांगते. लिहायला कुणी नाही. आकडा लिहायला मान खाली घातली की थवा हलतो आणि जागा हरवते. आतापर्यंत शंभर झाले की एक खडा खिशात टाकून भागवलं. चिखले, टिलवे, पाणटिवळे यांना वेगवेगळे खिसे लागतात, आणि माझ्या अंगरख्याला दोनच आहेत. नोव्हेंबरअखेरपर्यंत मोजणी चालेल. तुमच्यासारख्या जाणकाराला नुसतं लिहायला बस म्हणणं बरं दिसत नाही, पण तुमचं अक्षर चांगलं आहे.

जावेलाही आणा. टिंबं देणाऱ्या माणसाची मला ओळख करून घ्यायची आहे.

वहिनी


१५ नोव्हेंबर

वहिनी,

आम्ही दोघं शुक्रवारी सकाळच्या गाडीनं निघतोय. त्या दिवशी भरती पावणेबाराला आहे, मी तक्ता पाहिला. आमच्यासाठी घरी थांबू नका, तुम्ही वेळेवर पुढे व्हा. सामान दारात ठेवून आम्ही थेट बांधावर येतो.

मध्ये बोलणार नाही. तुम्ही आकडा सांगा, मी लिहीन.

धाकटा दीर